रीडिंग मान्य नाही

रीडिंगसाहेबांनी उभ्या आयुष्यात एकही आकडा पहिल्या दमात मान्य केला नव्हता. पाणीपुरवठा खात्यात त्यांची सगळी नोकरी लोकांच्या घरची मीटर तपासण्यात गेली, आणि मीटर सांगतं ते मीटरचं म्हणणं असतं, पाण्याचं नव्हे, हे त्यांच्या अंगात पुरतं मुरलं होतं. पुढे ही शंका पाण्यापुरती राहिली नाही. भाजीवाल्याचा काटा, बसथांब्यावरचं वेळापत्रक, तापाचा थर्मामीटर, लेकीचं शाळेतलं प्रगतिपुस्तक, सगळ्यांकडे ते चष्मा कपाळावर चढवून, मान तिरकी करून बघत आणि "असेल" एवढंच म्हणत. लग्न ठरताना नवरीचं वय सांगितलं तेव्हाही ते "असेल" म्हणाले होते, आणि ही गोष्ट त्यांची बायको अजून विसरली नव्हती.

निवृत्त झाले तरी इमारतीत त्यांना रीडिंगसाहेबच म्हणत. बायकोला नुसतं काकू. काकूंना कशाचीच शंका यायची नाही. दूधवाला म्हणेल ते दूध, घड्याळ म्हणेल ती वेळ. एका घरात दोन शंकेखोर माणसं असती तर त्या घरात चहासुद्धा कधी उकळला नसता.

असा हा माणूस दवाखान्यात गेला होता फक्त कानातला मळ काढायला. पूर्वी तिथे म्हातारे डॉक्टर बसायचे. ते जीभ बघत, डोळ्याची पापणी खाली ओढत, "रात्री जेवण कमी करा" म्हणत आणि बाटलीत लाल औषध भरून देत. रोग कुठलाही असो, औषध लालच असायचं, आणि माणसं बरीही होत. आता त्यांच्या खुर्चीत त्यांची सून बसत होती. ती हुशार होती, हसतमुख होती, पण जिभेवर तिचा विश्वास नव्हता. तिनं कान साफ केला, वय विचारलं आणि सांगितलं, काका, या वयात एकदा रक्त तपासून घ्या.

दोन दिवसांनी कागद आला. उपाशीपोटी रक्तातली साखर: १३१. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, शंभरच्या आत असावी.

रीडिंगसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

हा कागद आला ती वेळही वाईट होती, संध्याकाळच्या चहाची. तो चहा म्हणजे त्या घरातलं एकमेव व्यसन. नोकरीत असताना साहेब दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आणि कुत्र्यांना चुकवून घरी येत, गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसत, आणि पहिला घोट पोटात गेला की मग कुठे माणसात येत. चहा काकू करीत, पण साखर घालायचा मान साहेबांचा. आपल्या कपात तीन चमचे, काकूंच्या कपात दोन. चमचा भरला की त्याच्या कडेवरून सुरी फिरवून तो सपाट करायचा, म्हणजे कोणावर अन्याय नाही. लेक लग्न होऊन गेली, पेन्शन लागली, गुडघे कुरकुरू लागले, पण त्या सपाट चमच्यांत कधी फरक पडला नव्हता. आता हा १३१ त्या चमच्यावर डोळा ठेवून आला होता.

"रीडिंग चुकलंय," साहेब म्हणाले, आणि आपल्या कपात तीन चमचे घातले.

कागद घेऊन ते दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना चांगली वागणूक दिली. एका आकड्यावरून मी कोणाला मधुमेही म्हणत नाही, ती म्हणाली. त्रास काही नसेल तर आणखी एखाद्या दिवशी पुन्हा तपासायचं. उपाशीपोटी शंभरच्या आत असली तर उत्तम, शंभर ते सव्वाशे म्हणजे उंबरठा, आणि दोनदा १२६ किंवा त्याच्या वर आली तर मग निदान. तोवर काका, नेहमी जसं वागता तसंच वागा. साहेबांना हे फार आवडलं. आपला तक्रारअर्ज रीतसर दाखल झाला, असं त्यांना वाटलं. 'नेहमी जसं वागता तसंच' हे शब्द मात्र त्यांच्या डोक्यात इमारतीच्या जिन्यापर्यंतच टिकले, कारण जिन्यात पोस्टमास्तर उभे होते.

वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर निवृत्त झाल्यापासून जिन्यातच भेटत. कोणाच्याही हातातला कागद आधी त्यांच्या हातात जायचा, हा त्यांच्या खात्याचा गुण. त्यांनी तो आकडा मोठ्यानं वाचला, त्यामुळे तिन्ही मजल्यांना कळवायचं काम एका दमात झालं. मग त्यांनी गंभीर होऊन सांगितलं, की त्यांच्या चुलतभावाची साखर १२८ होती आणि तो आज या जगात नाही. तो होडीतून पाण्यात पडून गेला, हे त्यांनी बऱ्याच वेळानं सांगितलं. तोवर साहेब जिन्याच्या पायरीवर बसले होते. उपाय सोपा आहे, पोस्टमास्तर म्हणाले. भरपूर पाणी प्या. रक्त पातळ झालं की साखरही पातळ होते. पाण्याचा उपाय म्हटल्यावर साहेबांना त्यात खात्याचा सन्मान दिसला.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी गळ्यात टेप अडकवून वर आल्या. त्यांचं मत असं, की हा रोग कमरेपासून सुरू होतो. विचारायच्या आत त्यांनी साहेबांच्या कमरेला टेप गुंडाळला, चुकचुकल्या, आणि त्यांची राखाडी पँट मागून घेतली. दुसऱ्या दिवशी ती कमरेत चांगली दोन बोटं आत घेऊन परत आली. तपासणीला हीच घालून जायचं, म्हणजे मन ताळ्यावर राहतं, अशी मावशींची ताकीद.

"जरा बायकोकडून शिका," जाताना त्या म्हणाल्या. "काकूंचे कपडे मी यंदा दोनदा आत घेतले. न सांगता न सवरता बारीक झाल्या बिचाऱ्या."

साहेबांना हा टोमणा लागला. काकूंनी गालातल्या गालात हसून पाणी पिऊन टाकलं.

मग तयारी सुरू झाली. परीक्षेला बसणाऱ्या मुलानं करावी तशीच. आदल्या दुपारनंतर साहेबांनी अन्नाला हात लावला नाही. सकाळी उठून तांब्यावर तांबे पाणी प्यायले, जिना खालीवर करून दम लागेपर्यंत चढले, आणि त्या राखाडी पँटमध्ये श्वास रोखून तपासणीच्या दुकानाकडे निघाले. हल्ली ते तपासणी केंद्र म्हणवून घेतं, पण तेव्हा ते चष्म्याच्या दुकानाशेजारचं एक दुकानच होतं. पुढे काउंटर, मागे पडदा, मध्ये एक बाक.

रस्ता ओलांडताना पँट मागून उसवली. थोडीथोडकी नव्हे, मावशींनी आत घेतलं होतं तेवढं सगळं तिनं परत दिलं. आता जगात काही प्रसंग असे असतात, की माणसानं घरी परतावं. पण साहेबांना इतका उपास पुन्हा जमला नसता. त्यांनी खांबाला चिकटवलेली एक जाहिरात सोडवून मागे धरली आणि भिंतीच्या कडेकडेनं, पाठ भिंतीला लावून, दुकानात प्रवेश केला. रक्त काढणारी बाई बसा म्हणाली. साहेब म्हणाले, मी उभ्यानंच देतो. ती पुन्हा म्हणाली. साहेबांनी खात्यात असताना असले अडवणूक करणारे लोक पुष्कळ बघितले होते. शेवटी तिनं उभ्यानंच सुई टोचली, बाटली भरली, आणि बूच लावेपर्यंत साहेब सावकाश, सरळच्या सरळ, बाकावर बसलेल्या एका जाड्या गृहस्थांच्या मांडीवर कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा ती बाई त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी ओतत होती, आणि ते जाडे गृहस्थ पाठीमागून उसवलेल्या पँटवर आपलं वर्तमानपत्र पांघरत होते.

पण रीडिंग आलं ८८.

८८! त्या दिवशी साहेबांनी इमारतीत एकही दार सोडलं नाही. पोस्टमास्तरांनी श्रेय पाण्याला दिलं, मावशींनी पँटला. साहेबांनी संध्याकाळी चहात चौथा चमचाही घातला, पण तोही सपाट. दुसऱ्या दिवशी ते काकूंना घेऊन ताठ मानेनं डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि तयारी कशी केली हे अभिमानानं, बारीकसारीक तपशिलासह सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, हे असं झालं, की मीटर वाचायला माणूस येणार म्हणून गिऱ्हाईकानं आदल्या रात्री मुख्य नळच बंद करून ठेवला."

असली गिऱ्हाइकं त्यांनी स्वतः पकडली होती.

"आणि पहिल्या वेळी?" तिनं विचारलं. "तेव्हा काय केलं होतंत?"

"काही नाही. अगदी उपाशी गेलो."

"अहो, चहा घेतला होतात की," काकू सहज म्हणाल्या. "तीन चमचे."

"चहा म्हणजे खाणं नव्हे," साहेब म्हणाले. "चहा तोंड धुतल्याचा भाग असतो."

डॉक्टरीणबाईंनी कपाळ चोळलं. मग तिनं शांतपणे समजावलं, की उपाशीपोटी म्हणजे आठ तास पाण्याशिवाय काही नाही, आणि उपाशी म्हणजे अर्धमेलंही नाही. दोन्ही तपासण्या वाया गेल्या. आता आठवडाभर नेहमीसारखं राहा, मग सकाळी उपाशी एकदा, नेहमीसारखं जेवून दोन तासांनी एकदा. आणि एक तिसरी चाचणी लिहून देते, ती तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला आदल्या दिवशीच्या उपासानं किंवा जिना चढून फसवता येत नाही.

सरासरी! साहेबांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं. मीटर बंद असलं की खातं सरासरीनं बिल पाठवायचं. त्या बिलावर भांडायला येणारे लोक सगळ्यात जास्त ओरडत, आणि साहेब त्यांना सांगत, सरासरी कधी खोटं बोलत नाही.

तरीही त्यांचं समाधान होईना. घरी येऊन ते गॅलरीत येरझाऱ्या घालू लागले. एकच नळ, एकच मीटर, एकदा १३१, एकदा ८८. हे चालणार नाही. खात्यात अशा वेळी एकच मार्ग होता. गिऱ्हाइकाच्या मीटरच्या पाठोपाठ, त्याच नळावर, खात्रीचं दुसरं मीटर बसवायचं. तेच पाणी दोन्हींतून जाणार. दोघांच्या आकड्यांत तफावत आली, की खोटं कोण ते लगेच कळतं. याला चेक मीटर म्हणत. पण चेक मीटर अगदी निर्दोष लागतं. ज्याला आजवर एकही तक्रार नाही असं.

साहेबांनी घरात नजर फिरवली. काकू खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. उभ्या जन्मात त्यांना साधा ताप आलेला कोणाला आठवत नव्हता.

"अगं," साहेब म्हणाले, "तू माझ्याबरोबर रक्त दे."

काकूंनी कारण विचारलं, कारण समजलं नाही, आणि त्या बरं म्हणाल्या. त्यांच्या संसाराची बरीच कामं याच पद्धतीनं झाली होती.

तो आठवडा इमारतीनं बरीच वर्षं लक्षात ठेवला. दोन्ही मीटरमधून एकच पाणी जायला हवं, म्हणून साहेब एक घास खात तेव्हा काकूही एकच घास खात. ताटात भात दोघांना मोजून सारखा. चहात आता काकूंनाही तीन चमचे, कारण तफावत नको. साहेब फिरायला निघाले की काकूही निघत, साहेब थांबून शिंकले तर काकूही थांबत, फक्त शिंक त्यांना माफ होती. मावशींनी खिडकीतून बघून जाहीर केलं, की या दोघांचं म्हातारपणी जमलं.

पण साहेबांच्या लवकरच लक्षात आलं, की चेक मीटर सदोष आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. जेवताना दोघांना एकेक भांडं ठरलेलं, तर काकू स्वयंपाकघरात जाऊन आणखी दोन भांडी पिऊन येत. साहेबांनी रंगेहाथ पकडलं तर म्हणाल्या, घसा कोरडा पडतो हो, हवाच तशी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे झोप. साहेब झोपत तेव्हा काकूंनीही झोपायचं होतं, पण त्या सारख्या बाथरूमला उठत, आणि सकाळी साहेब हिशेबाला बसले की काकूंना किती वेळा ते आठवत नसे. तिसरी गोष्ट पायाची. काकूंच्या अंगठ्याला चप्पल लागून एक फोड आला होता, तो महिना होत आला तरी भरत नव्हता. त्यामुळे जिन्याचा शेवटचा टप्पा त्या चढत नसत, आणि साहेबांना एकट्यानं चढावं लागे. याला काय तपासणी म्हणायची? त्यांनी पोस्टमास्तरांकडे गाऱ्हाणं केलं. पोस्टमास्तर म्हणाले, बायकांची शिस्त घरकामात, सरकारी कामात नाही. त्यांच्या बायकोनं वरून हाक मारली, तेव्हा पुढचं वाक्य अर्धंच राहिलं.

तपासणीच्या दिवशी नवीच अडचण निघाली. काउंटरवरच्या बाईनं काकूंचं रक्त घ्यायला नकार दिला. साहेबांची चिठ्ठी होती, काकूंची नव्हती. त्रास काय म्हणून तपासायचं, तिनं विचारलं.

"त्या चेक मीटर आहेत," साहेब म्हणाले.

त्या बाईला साहेब आठवत होते, त्यांची पँटही आठवत होती. तिनं सावधपणे विचारलं, काकूंना होतं काय. काहीच होत नाही, म्हणूनच आणलंय, साहेब म्हणाले. मग नाही घेता येणार. रांगेतली माणसं मागून खाकरू लागली. साहेबांनी वेळ बघितली. उपास ताणला गेला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी त्यांनी खात्यातली युक्ती केली. रकान्यात काहीतरी भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, तर भरायचं काहीतरी.

"लिहा," ते म्हणाले. "तहान फार लागते. रात्री उठते. पायाची जखम भरत नाही. झालं समाधान?"

त्या बाईनं मान वर करून काकूंकडे पाहिलं आणि पावती केली.

पडद्यामागे साहेबांनी आणखी थोडा वेळ घेतला. खात्यात मीटरला तार ओवून शिशाचं सील लावत, म्हणजे कोणी मध्ये हात घालू नये. साहेबांनी खिशातून लाख आणि आगपेटी काढली. रक्त काढणाऱ्या बाईनं आगपेटी जप्त केली, पण बाटल्यांवर दोघांची नावं साहेबांच्या डोळ्यांदेखत लिहिली आणि त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली. मग दोघांनी बाकावर बसून डबा उघडला, तोच भात, तीच भाजी, सारखे घास. दोन तास जागं बसायचं होतं. काकू डबा बंद करतानाच पेंगू लागल्या आणि साहेबांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. शिस्त नाही ती नाहीच, साहेबांना वाटलं. पण त्यांनी खांदा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन लिफाफे आले. साहेबांनी गॅलरीत बसून आधी आपला फोडला. उपाशी १०८, जेवल्यावर १५०, सरासरी ६.१. खाली छापलेल्या आकड्यांशी त्यांनी ताडून पाहिलं. जेवल्यावर १४० च्या आत हवी होती, दोनशेच्या वर म्हणजे रोग. सरासरी ५.७ च्या आत हवी होती, ६.५ पासून रोग. सगळीकडे ते मधोमध, उंबरठ्यावर. इतकी धडपड करून ना पास ना नापास. माणसाचा याहून मोठा अपमान कोणता, असं मनात म्हणत त्यांनी चेक मीटरचा लिफाफा फोडला.

उपाशी १८८. जेवल्यावर २९१. सरासरी ९.२.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग खाली घेतला. मग पुसला.

काकू चहा घेऊन आल्या, तशी साहेबांनी कागद पाठीमागे लपवला. पण वरच्या गॅलरीतून वाकलेल्या पोस्टमास्तरांनी आकडे वाचलेही होते, आणि ते जिना उतरून हजरही झाले. त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले, दोन्ही लिफाफे उलटेसुलटे केले आणि अनुभवी माणसाच्या आवाजात निकाल दिला. हे रोजचं आहे, साहेब. पत्र चुकीच्या दारात पडलंय. लिफाफ्यांची अदलाबदल.

साहेबांच्या जिवात जीव आला. अर्थात! हेच झालं असणार.

"म्हणजे २९१ माझं," ते म्हणाले. मोठा आकडा आला म्हणून एखाद्या माणसाचा चेहरा इतका उजळलेला त्या इमारतीनं पूर्वी पाहिला नव्हता.

"तुम्हाला हवंय का ते?" काकूंनी विचारलं.

"हवंय म्हणजे काय, ते माझंच आहे. तुझं कसं असेल?"

बाटल्यांवरची नावं आपणच दोनदा वाचली होती, हे त्यांना आठवत होतं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आयुष्यभर प्रत्येक आकड्यावर शंका घेणाऱ्याला एक दिवस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

चहा तसाच टाकून ते काकूंना घेऊन दवाखान्यात गेले. रांग होती, ती मोडली. ज्या माणसानं एका १३१ साठी एवढा गोंधळ घातला, तोच आता डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर वाकून २९१ माझ्या नावावर करा म्हणून भांडत होता. सुरुवातच १३१ पासून झाली होती, वाढत वाढत इथवर आली असणार. शिवाय आपण चौथाही चमचा खाल्ला होता. शिवाय चक्कर येऊन पडलोही होतो. लक्षणं सगळी आपलीच. हिला काय, हिला कधी साधी सर्दी झाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग कपाटातून एक छोटं यंत्र काढलं, काकूंच्या बोटाला टोचलं आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. २७६. साहेबांनी न विचारता आपलं बोट पुढे केलं. ११९.

"यंत्र जुनं असेल," साहेब म्हणाले.

तिनं नवी पट्टी घातली आणि पुन्हा टोचलं. २७४. साहेबांनी पुन्हा बोट पुढे केलं, पण ते तिनं हळूच बाजूला सारलं.

"काकू, तुम्हाला काही त्रास होतो का?"

"छे, काही नाही हो," काकू म्हणाल्या.

आता रीडिंगसाहेबांचा एक स्वभाव होता, जो त्यांना कधीच आवरला नाही. त्यांच्यासमोर चुकीची नोंद होऊ लागली, की ती कोणाच्याही बाजूची असो, ते मध्ये पडत.

"काही नाही कसं?" ते म्हणाले. "जेवताना एक भांडं ठरलंय, ही तीन पिते. घसा कोरडा पडतो म्हणते. रात्री सारखी उठते, मी जागा असतो, मला माहीत आहे. अंगठ्याची जखम महिना झाला भरत नाही. जेवली की बसल्या जागी झोप येते. मावशी म्हणतात कपडे दोनदा आत घेतले, म्हणजे बारीकही..."

ते तिथेच थांबले. आपण गेला आठवडाभर चेक मीटरचे दोष म्हणून जे मोजलं, त्यातलं प्रत्येक रीडिंग बरोबर होतं. फक्त मीटर कोणाचं ते आपण चुकीचं धरलं होतं.

काकूंनी टेबलाखालून त्यांचा हात धरला. खरं तर या वेळी हात धरायचं काम दुसऱ्या बाजूचं होतं.

इतकी लक्षणं आणि इतके आकडे असले की दुसऱ्यांदा तपासायची गरज नसते, डॉक्टरीणबाई म्हणाली. हा मधुमेह आहे, आणि आजकालचा नाही, सरासरीच सांगते आहे. आठवडाभराच्या एका जास्तीच्या चमच्यानं झालेला नाही, तेव्हा काका, तेही मनाला लावून घेऊ नका. गोळ्या आहेत, पथ्य आहे, चालणं आहे, पायाची जखम आजच बघू, डोळेही दाखवून घ्या. वेळेत सापडलं. काका अजून उंबरठ्यावर आहेत, त्यांना गोळी नको, पण जेवण आणि चालणं दोघांना तेच. शेवटी पेनाचं टोपण लावत ती म्हणाली, तुम्ही चेक मीटर आणलं नसतंत, तर काकूंचं रक्त कधी तपासलंच गेलं नसतं. साहेबांना एवढी शाबासकी खात्यानंही कधी दिली नव्हती. ती त्यांना गिळवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी चहा केला आणि नेहमीसारखे दोन कप गॅलरीत आणून ठेवले. अंगठ्याला पांढरी पट्टी होती. साहेबांनी साखरेचा डबा उघडला, चमचा भरला, सवयीनं कडेवरून सुरीही फिरवली, आणि तो सपाट चमचा थोडा वेळ तसाच हवेत धरला. मग साखर परत डब्यात पडू दिली, झाकण लावलं आणि डबा खुर्चीखाली सरकवला.

दोघांनी एकदमच घोट घेतला. दोघांनी एकदमच तोंड वाकडं केलं.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"चहा."

"असेल," काकू म्हणाल्या.

वरच्या गॅलरीतून पोस्टमास्तरांनी वाकून विचारलं, ते पत्र अखेर कोणाच्या दारचं निघालं. साहेबांनी क्षणभर कपात पाहिलं.

"दोघांच्या," ते म्हणाले.

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "उगाच त्यात वाटा मागू नका. अहो, जन्मभर घरातला प्रत्येक आकडा तुमचा मोठा. पगार तुमचा, वय तुमचं, चहातले चमचे तुमचे. एक २९१ काय ते माझं आलं. तेवढं तरी माझ्या नावावर मान्य करा."

रीडिंगसाहेबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि मान सरळ करून काकूंकडे नीट पाहिलं. खरंच बारीक झाली होती. हे कधीपासून, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"मान्य," ते म्हणाले, आणि बिनसाखरेचा दुसरा घोट घेतला.